‘एनबीए नाही तर काहीच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगू?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, वीसेक वर्षं ओहायोत राहतो. धाकटा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) आहे. कॉलेज डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत असलं तरी कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) छोटी आहे. त्याची उंची सहा फूट दोन इंच. यंदा सामन्यामागे २१ गुण, कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू तोच. गावात लोक त्याला थांबवून फोटो काढतात, एका डीलरने जाहिरातीच्या बदल्यात गाडी वापरायला दिली होती. आता ड्राफ्टच्या, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, एकाही अंदाजयादीत त्याचं नाव नाही. एजंटने जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबचा प्रस्ताव आणलाय : महिन्याला २,२०० युरो, राहायला घर, येण्याजाण्याचं तिकीट. तो भडकला. म्हणाला, ‘यासाठी मी एवढी वर्षं घाम गाळला का? एनबीए गाजवणारा स्टीफन करीसुद्धा डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजातूनच आला.’ त्याच्या बाबांचं म्हणणं, अकाउंटिंगची डिग्री हातात येतेय, नोकरी धर. दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. मी मधल्यामध्ये. त्याला काय सांगू?

उत्तर :

ताई, तुमचा मुलगा उत्तम खेळाडू आहे, हे आधी घरात तिघांनीही एकदा मोठ्याने म्हणून घ्या. तुमच्या पत्रात त्याच्या बाबांची काळजी आहे, त्याचा राग आहे, तुमची ओढाताण आहे, पण त्याने जे मिळवलंय त्याचा आनंद कुठेच दिसला नाही. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि प्रत्येक संघात तेरा-चौदा मुलं. या एवढ्या गर्दीत स्वतःच्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरणं ही लहान गोष्ट नाही. आणि कॉलेज संपल्या संपल्या परदेशातला क्लब पगार आणि घर देऊन बोलावतो, हेही त्यातल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला येत नाही.

दुसरीकडे एनबीएचा हिशोब कठोर आहे. जूनच्या ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या आणि साठेक नावं, त्यातही युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेली मुलं आणि कॉलेजात एकच वर्ष काढलेली एकोणीस वर्षांची पोरं. तीस संघांत प्रत्येकी पंधरा जागा, वर तीन टू-वे करार (एनबीए आणि तिच्या खालची जी लीग, दोन्हीकडे खेळायचे), आणि यातल्या बहुतेक जागा आधीच भरलेल्या. हे आकडे मुलाला ठाऊक असतात. आकडे सांगून कुणाचं स्वप्न हटत नाही, म्हणून ते त्याच्यापुढे पुन्हा वाचू नका.

करीचं नाव तो घेतो, तर मी दुसरं एक नाव घेते. तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण तुमच्या मुलाला ते नक्की माहीत असणार : जिमर फ्रेडेट.

हा मुलगा न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स नावाच्या छोट्या गावातला. शाळेत असताना थोरला भाऊ त्याला जवळच्या तुरुंगांत कैद्यांबरोबर सामने खेळायला घेऊन जायचा, चहूबाजूंनी आरडाओरडा सुरू असताना डोकं शांत राहावं म्हणून. ‘मी एनबीएपर्यंत पोहोचण्यासाठी लागेल ते करीन’ असा एक कागद भावाने लिहून घेतला होता, त्यावर जिमरची सही होती. पुढे तो युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गेला. २०१०-११ च्या हंगामात त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले. सगळ्या अमेरिकेतल्या डिव्हिजन वनमध्ये तो पहिला होता. जानेवारीत सॅन डिएगो स्टेटचा संघ एकही सामना न हरता ब्रिगहॅम यंगच्या गावी, प्रोव्होला आला, त्यांच्याविरुद्ध जिमरने ४३ गुण केले आणि त्यांना हरवलं. मार्चमध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध ५२. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे जवळजवळ सगळे मोठे मान त्यालाच मिळाले. मध्यरेषेच्या थोडंसं पुढे येऊन तो सरळ शॉट मारायचा आणि तो जायचा. पोरं वेडी झाली होती त्याच्यामागे.

२०११ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली आणि त्याच दिवशी अदलाबदलीत तो सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला. त्याच्या पाठोपाठ अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्प्सन, पंधराव्यावर कवाय लेनर्ड. लेनर्ड त्याच सॅन डिएगो स्टेटच्या संघात होता, ज्यांना जिमरने जानेवारीत रडवलं होतं. पुढे लेनर्ड दोनदा एनबीए अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जिमरची एनबीएतली एकूण सरासरी सहा गुणांच्या आसपास राहिली.

असं का झालं, ते तुमच्या मुलाबरोबर बसून नीट बोलण्यासारखं आहे.

थोडा भाग नशिबाचा होता. त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे लीगला टाळं लागलं होतं. नव्या खेळाडूंची समर लीग झाली नाही, संघांना खेळाडूंशी बोलायचीही मुभा नव्हती आणि हंगाम थेट नाताळच्या दिवशी सुरू झाला. सात सामन्यांत किंग्जचा कोच बदलला. तीन हंगामांत तीन कोच झाले. मध्येच संघ सिएटलला हलवायच्या गोष्टी निघाल्या, मग २०१३ मध्ये मालकच बदलले आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे आले. अशा घरात नवखा खेळाडू कसा रुजणार?

पण सगळंच नशिबावर ढकलता येत नाही, कारण त्याच ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर त्याच संघाने आयझेया थॉमस नावाचा पाच फूट नऊ इंचाचा मुलगा घेतला होता. तेच कोच, तोच गोंधळ, आणि काही महिन्यांत पॉइंट गार्डची जागा थॉमसने पटकावली. पुढे बॉस्टनकडून २०१६-१७ च्या हंगामात थॉमसने सामन्यामागे २८.९ गुण केले. जिमरचा कॉलेजातला आकडा नेमका हाच होता.

फरक माझ्या मते इथे होता. ब्रिगहॅम यंगमध्ये सगळा खेळ जिमरभोवती रचलेला होता. चेंडू त्याच्या हातात, चार सहकारी त्याच्यासाठी जागा करणार, पाच शॉट चुकले तरी सहावा मारायचा हक्क त्याचाच, आणि बचावात तो जरा मागे पडला तरी कुणी बोलणार नाही. सॅक्रामेंटोने त्याला बेंचवरून उठवून दहा-बारा मिनिटांसाठी कोपऱ्यात उभं केलं : चेंडू आला तर मार, नाहीतर समोरच्याला अडव. गंमत म्हणजे शॉट तो तिथेही मारत होता. तिसऱ्या हंगामात त्याचे तीन गुणांचे शॉट जवळजवळ निम्मे आत जात होते. पण समोरचे गार्ड त्याच्यापेक्षा चपळ आणि लांब हातांचे होते, त्यांना अडवणं त्याला जमत नव्हतं, आणि कोपऱ्यात उभं राहून एका शॉटची वाट बघणं हा त्याचा खेळच नव्हता. आयुष्यभर मैफल गाजवलेल्या गायकाला मागे तानपुऱ्यावर बसवावं तसं ते झालं. किंग्जनी त्याच्या कराराचं चौथं वर्ष घेतलं नाही, २०१४ च्या फेब्रुवारीत पैसे चुकते करून त्याला मोकळं केलं. मग शिकागो, न्यू ऑर्लिन्स, थोडे दिवस सॅन अँटोनियो, डेव्हलपमेंट लीग (आजची जी लीग), न्यूयॉर्कचा दहा दिवसांचा करार. पाच वर्षांत देशातला सर्वांत लाडका कॉलेज खेळाडू दहा दिवसांच्या करारावर आला होता.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि ‘फुकट गेला’ म्हणतात. मला ते मान्य नाही. २०१६ मध्ये तो शांघाय शार्क्सकडे गेला. हा चीनचा गाजलेला खेळाडू याओ मिंग याचा जुना संघ, तेव्हा मालकही तोच. तिथे पुन्हा चेंडू जिमरच्या हातात आला. पहिल्याच हंगामात सामन्यामागे ३७ हून जास्त गुण आणि लीगच्या सर्वोत्तम परदेशी खेळाडूचा मान. एका सामन्यात त्याने ७३ गुण केले, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका सामन्यात ७५. हे दोन्ही सामने त्याचा संघ हरला, दुसरा तर एका गुणाने. मधल्या काळात तो फीनिक्सकडून एनबीएत पुन्हा जेमतेम सहा सामने खेळला, ग्रीसच्या पॅनाथिनाइकोसकडून युरोलीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत खेळला. नंतर तीन विरुद्ध तीनच्या खेळात अमेरिकेकडून उतरला, २०२३ च्या विश्वचषकात रौप्यपदक मिळवलं आणि पस्तिसाव्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला गेला. तिथे दुसऱ्याच सामन्यात पायाचा स्नायू दुखावला आणि स्पर्धा संपली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने निवृत्ती घेतली. चौदा वर्षं हा माणूस बास्केटबॉल खेळून जगला, शांघायमध्ये लोकांनी त्याच्यावर जीव टाकला, देशाची जर्सी अंगावर आली. याला अपयश म्हणायचं असेल तर यशाचा अर्थ आपण फार आखूड करून ठेवलाय.

आता दुसरा माणूस बघा, जे. जे. रेडिक. हाही कॉलेजातला राजा. ड्यूककडून खेळताना २००६ मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, अकराव्या क्रमांकावर ऑरलँडोने घेतला, आणि पहिली दोन वर्षं बहुतेक वेळ बेंचवर बसला. त्याने स्वतःला दुसरा खेळाडू बनवलं. शरीर घडवलं, बचाव शिकला, आणि चेंडू हातात नसताना सतत पळत राहून, सहकाऱ्यांच्या आडोशाने क्षणभर मोकळं होऊन शॉट मारायचा, एवढं एक काम इतकं पक्कं केलं की २०१५-१६ मध्ये तीन गुणांच्या शॉटमध्ये त्याची टक्केवारी लीगमध्ये सर्वांत वर होती. पंधरा हंगाम खेळला. आज तो लेकर्सचा कोच आहे. कॉलेजातला तो राजा रेडिक एनबीएत पुन्हा कधी दिसला नाही.

आणि करीसुद्धा, तुमच्या मुलाला सांगा, नुसता छोट्या कॉलेजातून आला म्हणून करी झाला नाही. तिसऱ्या वर्षी, आधीचा पॉइंट गार्ड पास होऊन गेल्यावर, ती जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली आणि एनबीएत त्याच्या उंचीच्या माणसाला जे काम करावं लागणार होतं ते कॉलेजातच करून दाखवलं, वर गुणांतही देशात पहिला आला. शिवाय त्याचे वडील सोळा हंगाम एनबीएत खेळलेले. पुढे काय लागतं हे त्या घरात रोज जेवताना बोललं जात असणार.

म्हणून मुलाला ‘एनबीए सोड’ म्हणू नका आणि ‘जर्मनीला जा’ असंही म्हणू नका. त्याला एवढंच विचारा : तुला एनबीए हवंय, की चेंडू हातात घेऊन खेळणं हवंय? एनबीए हवं असेल तर रेडिकचा रस्ता, म्हणजे एकवीस गुण विसरायचे आणि कोच ज्यासाठी संघात ठेवेल असं एक छोटं काम शोधायचं. सहा फूट दोनच्या गार्डसाठी ते बहुधा बचाव असतं, समोरच्याच्या नाकाशी नाक लावून कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. आणि खेळ आपल्याभोवती फिरायला हवा असेल तर जिमरचा रस्ता, जो देशाबाहेर जातो. दोन्ही मानाचे आहेत. जुनी जागा आपणहून परत येईल म्हणून घरी बसून वाट बघणं मात्र मुलांना आतून खातं, आणि तुमच्या पत्रावरून मला भीती त्याचीच वाटते.

उत्तर लगेच येणार नाही. त्याला त्याच्या कॉलेजच्या कोचशी बोलू द्या, ‘तुम्ही एनबीएचे कोच असता तर मला कशासाठी घेतलं असतं?’ एवढंच विचारायचं. कोच खरं सांगतील. आईने सांगितलेलं आणि कोचने सांगितलेलं यात या वयात फार फरक पडतो.

आता व्यवहाराचं. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तरी दार पूर्ण बंद होत नाही. जुलैत लास व्हेगासला समर लीग असते, तिथे संघ ड्राफ्ट न झालेल्या मुलांनाही बोलावतात. तिथून ‘एक्झिबिट टेन’ नावाचा करार मिळू शकतो : सरावशिबिरात जागा, आणि पुढे त्याच संघाच्या जी लीग संघात ठराविक दिवस राहिलं तर बोनस. जी लीगचा पगार साधारण पाच महिन्यांच्या हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर, श्रीमंती नाही, पण संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काऊट रोज बघत असतात. एजंटला स्पष्ट विचारा, समर लीगसाठी किती संघांशी बोलणं झालंय? नावं सांगता येत नसतील तर बोलणं झालेलं नाही असं समजा.

जर्मनीच्या क्लबना ऑगस्टमध्ये खेळाडू हजर हवे असतात, म्हणजे जुलैची वाट बघणं आणि हा करार धरणं, दोन्ही जमू शकतं. करारात एनबीएचं बोलावणं आलं तर ठराविक तारखेपर्यंत बाहेर पडता येईल असं कलम मागायचं. असं कलम नवं नाही, क्लब देतात. २,२०० युरो करानंतरचे की आधीचे? दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि पगार चालू राहणार का? पगार थकला तर किती दिवसांनी करार मोडता येईल? आणि वाद झाला तर तो फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, लवादाकडे जाईल असं करारात लिहिलंय का? परदेशी बास्केटबॉलमध्ये पगार उशिरा होणं ही जुनी तक्रार आहे आणि हा लवाद त्यासाठीच उभा राहिलाय, पण कलम असेल तरच तो कामाचा. तो अमेरिकेचा नागरिक असेल तर तिकडे कमावलेल्या पैशाचं विवरणपत्र इकडेही भरावं लागेल. हे त्याच्या बाबांना चांगलं समजेल, त्यांच्या हातात कराराचा मसुदा द्या. मुलाच्या खेळाला त्यांचा हात लागण्याची ही संधी आहे.

आणखी एक, जे घरात कुणी बोललं नसेल. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. ती गाडी, ते फोटो त्यातूनच आले. ते सगळं कॉलेजच्या जर्सीबरोबर संपतं. म्हणजे व्यावसायिक झाल्यावर मान वाढेल, पैसे वाढतील अशी त्याची कल्पना असताना पहिल्या वर्षी दोन्ही कमी होणार आहेत. त्याचा राग थोडा तिथलाही असेल. (भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या खेळाडूंचे पालक हे वाचत असतील तर त्यांना : असे पैसे व्हिसाच्या अटींत अडकतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय मुलाला कशावरही सही करू देऊ नका.)

जर्मनीत तो परदेशी खेळाडू असेल, आणि परदेशी खेळाडूकडून पहिल्या दिवसापासून गुण मागितले जातात. दोन आठवडे खराब गेले तर बदली खेळाडू आणतात. गाव छोटं असेल, हिवाळा लांब असेल, सरावानंतरची संध्याकाळ रिकामी असेल. त्याला स्वयंपाक येतो का? वरणभात, अंडी, पोहे एवढं तरी या उन्हाळ्यात शिकवा. हसू नका, बाहेर टिकलेल्या आणि परत आलेल्या मुलांत हा फरक असतो.

मुदतीचं मात्र आत्ताच ठरवा, तीन उन्हाळे असं मी म्हणेन. तीन हंगाम खेळायचं, प्रत्येक मे महिन्यात तिघांनी बसून बघायचं : तो वरच्या श्रेणीत गेला का, खेळ सुधारला का, त्याला अजून सकाळी उठून जिमला जावंसं वाटतं का. बाबांना सांगा, अकाउंटिंगची डिग्री पंचविसाव्या वर्षी शिळी होत नाही. पण ती आधी पूर्ण झाली पाहिजे, एकही विषय मागे ठेवून विमानात बसायचं नाही, ही त्यांची अट मला शंभर टक्के मान्य आहे आणि ती मुलाने मानावी.

बापलेकांतलं बोलणं तुम्ही पोचवत बसू नका. दोघांना एकत्र गाडीत बसवून पाठवा, कोचना भेटायला. बाबांना बरोबर न्यायचं, ही अट तुम्ही घाला. कोच जे सांगतील ते दोघांनी एकाच वेळी, एकाच तोंडून ऐकू दे. करार हातात आला आणि एखादं कलम कळलं नाही तर मला पुन्हा लिहा, सहीच्या आधी.